कंबर दुखत होती आणि मला मानसोपचाराच्या खोलीत पाठवलं

मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात एका गावात आशा स्वयंसेविका आहे. वय ४२. घरी चार एकर कोरडवाहू वावर, त्यात कपाशी आणि तूर. कंबरदुखीसाठी मी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात बरीच फिरले, आणि शेवटी ज्या उपचारानं फरक पडला त्यातला मोठा भाग मनाच्या डॉक्टरांकडचा होता. हे लिहायला वेळ घेतला, कारण आमच्याकडे ‘मानसोपचार’ शब्द काढला की पुढचं कोणी ऐकत नाही. पण ओपीडीच्या रांगेत माझ्यासारख्या कितीतरी बाया भेटल्या. हातात एमआरआयची मोठी पिशवी, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: रिपोर्टमध्ये फार काही नाही म्हणतात, मग दुखते कशानं? त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

जुलै २०२३. बंडीवरून युरियाचं पोतं उतरवत होतो. पोतं ४५ किलोचं, खाली चिखल. पाय सरकला आणि कमरेत अशी चमक भरली की तिथेच बसले. रात्री कूस बदलता येईना. गावाजवळच्या खासगी डॉक्टरांनी सुई दिली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि कमरेचा पट्टा घ्यायला सांगितला. पट्ट्यासकट खर्च हजाराच्या आत. असं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप उतरतं आणि माझंही उतरू लागलं होतं. ऑगस्टच्या मध्यावर मी पुन्हा घरभेटी करू लागले होते.

त्याच महिन्यात माहेरी हक्कसोडपत्राची गोष्ट निघाली. बाबा फेब्रुवारीत गेले होते. त्यांच्या नावावरच्या जमिनीवर वारस लावायचे होते आणि दादाचं म्हणणं होतं की दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात येऊन मी सही करून द्यावी. मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, २००५ मध्ये तसा कायदा बदलला, हे बचतगटाच्या बैठकीत मीच बायांना सांगत आले होते. तरी मी नाही म्हटलं नाही. “दिवाळीनंतर बसू दादा, माझी कंबर बरी होऊ दे,” एवढंच म्हटलं. दादा फोनवर थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मंग मी असं समजतो का मले बहीणच नाही.” पोस्टानं पाठवलेली राखी पोचली असेल, पण उत्तर आलं नाही. पोळ्याला माहेरहून दरवर्षी येणारा फोन आला नाही.

त्या दिवसांत कंबर पुन्हा भडकली. या वेळी दुखणं कमरेपुरतं राहिलं नाही, मांडीपर्यंत आणि वर खांद्यांपर्यंत पसरलं. सकाळी उठताना अंग लाकडासारखं. दोन्ही गोष्टींचा संबंध तेव्हा कोणाच्याच डोक्यात आला नाही आणि येण्याचं कारणही नव्हतं. दुखणं कमरेत होतं आणि तपासणारा प्रत्येक जण कंबरच पाहत होता.

सरकारी दवाखान्यांचं एक सांगून ठेवते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे, केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे येतात, तिथे थोडं शुल्क लागतं. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे फुकट निघाला आणि तो साफ होता. पण दुखणं थांबेना म्हणून दिवाळीनंतर नागपूरला एका खासगी केंद्रात एमआरआय काढला, साडेपाच हजार रुपये. ते पैसे तुरीच्या भरवशावर उसने घेतले होते.

रिपोर्टात लिहिलं होतं की चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी थोडी बाहेर आली आहे. एका खासगी डॉक्टरांनी तो वाचून दीड लाखाचं ऑपरेशन सांगितलं आणि “वाकायचं नाही, उचलायचं नाही, नाहीतर पाय जाईल” असं बजावलं. त्या दिवसापासून मी वाकणं बंद केलं. खाली पडलेली वस्तू उचलायला मुलीला हाक मारायची. कापूस वेचणीला गेले नाही. त्या हंगामात आमच्या वावरात वेचणीच्या मजुरीवर जास्तीचा खर्च झाला, तो मनाला लागला.

पुढे कळलेली एक माहिती इथेच देते, कारण रिपोर्ट हातात आल्यावर हीच आधी हवी असते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्र आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांमध्ये गादी अशीच फुगलेली होती आणि ऐंशीच्या घरात १०० पैकी ८४ जणांमध्ये. या सगळ्यांना काहीही दुखत नव्हतं. वयानं केस पिकावेत तसा तो बदल असतो. रिपोर्टात तो दिसला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं धरता येत नाही. मात्र लघवी-संडासवरचा ताबा जाणं, दोन मांड्यांमधली जागा बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं, कंबरदुखीबरोबर ताप किंवा वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

जानेवारी २०२४ मध्ये आम्हा आशांचा संप सुरू झाला. मोबदला बंद, घरी बसणं वाढलं, आणि कमरेचं दुखणं तेव्हा सगळ्यात वाईट होतं. रात्री दोनला जाग यायची ती पुन्हा झोप नाही. सासूबाई लिंबू-मिरची उतरवायच्या. “कोणाची तरी नजर लागली व तुले,” म्हणायच्या, आणि रात्री माझ्या पाठीशी बसून तेल लावायच्या. त्या हाताखाली दहा-पंधरा मिनिटं दुखणं खरोखर हलकं व्हायचं. ते का होतं, हेही नंतर कळलं.

एप्रिलमध्ये आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी मोठ्या सरकारी रुग्णालयाची रेफर चिठ्ठी दिली. जाताना आधार, रेशन कार्ड, सगळे जुने कागद तारखेनुसार लावून, आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत ठेवा. शेवटचं सगळ्यात कामाचं, कारण “पांढरी गोळी, सकाळ-संध्याकाळ” एवढ्यावर डॉक्टरांना काही समजत नाही. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, आधी काढून ठेवला तर अनेक मोठ्या रुग्णालयांत क्यूआर स्कॅन करून नोंदणीचं टोकन मिळतं आणि लांब रांग वाचते. मी पहाटेच्या एसटीनं निघायची. बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे वारंवार जाणं जमलं. एक गैरसमजही दूर करते. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरती होऊन करायच्या ठराविक उपचारांसाठी आहे. ओपीडीत लिहून दिलेल्या गोळ्यांचा खर्च त्यातून निघत नाही. माझ्यासोबतच्या एक बाई कार्ड घेऊन खिडकी-खिडकी फिरल्या आणि दुपारी रडकुंडीला आल्या.

हाडांच्या विभागात सकाळी नंबर लावला, दुपारी आत गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पाय उचलून, हातोडीनं गुडघा ठोकून, अंगठ्याची ताकद पाहून तपासलं. एवढं हात लावून तोवर कोणी तपासलं नव्हतं. म्हणाले, “ताई, नस दबलेली नाही. ऑपरेशनची गरज नाही.” आणि वेदना विभागाची चिठ्ठी दिली. हा विभाग बहुधा भूल देणारे डॉक्टर चालवतात आणि तो ठराविक वारीच असतो, म्हणून चिठ्ठी मिळाल्यावर वार विचारून घ्या. मला पुढच्या आठवड्यात यावं लागलं.

वेदना विभागातल्या मॅडमनी आधी शून्य ते दहामध्ये दुखणं किती, ते विचारलं. मी सात म्हटलं. मग झोप, भूक, कामं विचारली. मग म्हणाल्या, “गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटत नाही, असं किती दिवस झालं? उदास, निराश वाटणं किती दिवस?”

हे दोन प्रश्न मला तोंडपाठ होते. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा सीबॅक फॉर्म आम्ही आशा भरतो, त्यात बीपी-शुगरच्या प्रश्नांनंतर शेवटी हेच दोन असतात. गावात मी ते कितीतरी दारांत विचारले आहेत. मला ते कोणी विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडू आलं. मॅडमनी घाई केली नाही. पाणी दिलं आणि विचारलं की दुखणं परत वाढलं तेव्हा घरात काय चाललं होतं. मी दादाचं सांगितलं. त्यांनी वेदनेच्या औषधाबरोबर मानसोपचार विभागाची चिठ्ठीही लिहिली.

बाहेर व्हरांड्यात मालक उभे होते. चिठ्ठी वाचून त्यांचा चेहरा उतरला. “कंबर दुखते अन् डोक्याच्या डाक्टरकडे काहून पाठवलं? तू ढोंग करतं का असं म्हणतात का हे लोक?” माझ्याही मनात तेच होतं. मी परत आत गेले आणि विचारलं. विचारल्याशिवाय उठू नका, एवढं सगळ्यांना सांगेन. मॅडमनी मालकांनाही आत बोलावलं, माझा केस पेपर उलटा केला आणि त्यावर पेननं पाठीचा कणा आणि मेंदू काढला.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. मुलगी नर्सिंगला आहे, तिच्याकडून नंतर आणखी वाचून घेतलं, तेही यात आहे.

कमरेतून निघालेला संदेश मज्जारज्जूतून वर मेंदूत जातो आणि तिथे ढोबळमानानं दोन वाटांनी वाटला जातो. एक वाट संवेदनेच्या पट्ट्याकडे जाते. कुठे दुखतं, किती जोरात, ठणकतं की जळतं, हे तिथे नोंदलं जातं. दुसरी वाट इन्सुला, अँटिरिअर सिंग्युलेट आणि अमिग्डाला या भागांकडे जाते. ते दुखणं किती नकोसं, किती भीतीचं वाटावं हे तिथे घडतं. शोक, भीती, कोणी झिडकारल्याची बोच यांचं कामही बरंचसं याच भागांत चालतं. मॉन्ट्रियलमध्ये १९९७ साली झालेल्या एका प्रयोगात लोकांचा हात तेवढ्याच गरम पाण्यात ठेवला आणि संमोहनातून कधी ‘हे फार त्रासाचं आहे’, कधी ‘फारसं त्रासाचं नाही’ असं सुचवलं. पाण्याचं तापमान तेच होतं, तरी सिंग्युलेटमधली हालचाल त्या सुचवण्याप्रमाणे कमी-जास्त झाली. संवेदनेच्या पट्ट्यात तसा बदल दिसला नाही.

उलट दिशेचा रस्ताही आहे, आणि मालकांना तोच पटला. मेंदूच्या खोडातून खाली मज्जारज्जूकडे हुकूम जातात आणि वर येणारा संदेश दाबतात किंवा वाढवतात. शरीर स्वतः अफूसारखी रसायनं तयार करतं, ती या कामात लागतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचे अमेरिकी डॉक्टर होते. मोठ्या जखमा झालेल्या सैनिकांना त्यांनी विचारलं तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वेदनेचं औषध नको म्हटलं. जखम म्हणजे रणांगणातून सुटका, घरी जाणं, असा तिचा अर्थ त्यांच्या मनाशी होता. १९४६ मध्ये बीचरनी हे लिहिलं. माणूस घाबरलेला, खचलेला, झोपेविना असेल तर हेच हुकूम उलटे फिरतात आणि साधा स्पर्शही ठणकू लागतो. आणि मायेचा हात पाठीवर फिरला की दाबणारा रस्ता थोडा उघडतो. सासूबाईंच्या तेलाचं उत्तर मला तिथे मिळालं.

“पण गादीला झालेली इजा तर भरली असंल ना?” मालकांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “इजा भरली असेल, पण पहारा उठलेला नाही.” मालकांनी लगेच ओळखलं. वावरात एकदा रानडुकरं शिरून गेली की जागलीवरचा माणूस पुढे कित्येक रात्री नुसतं पान हललं तरी ओरडतो. मज्जारज्जू आणि मेंदू तसेच जास्तीचे जागे राहतात. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अपकारियन यांच्या गटानं कंबरदुखीच्या रुग्णांना नव्या दुखण्यापासून वर्षभर तपासत नेलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचं दुखणं रेंगाळलं, त्यांच्या मेंदूत ते दुखणं संवेदनेच्या भागांकडून हळूहळू भावनेच्या जाळ्याकडे सरकलेलं दिसलं. जुलै ते एप्रिल माझ्या कमरेत काय घडलं असावं, हे मला पहिल्यांदा धड कळलं.

दादाचं बोलणं शरीराला लागू शकतं का, हेही मी विचारलं. कॅलिफोर्नियात २००३ मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावर चेंडू फेकण्याचा खेळ दिला आणि मध्येच बाकीच्यांनी त्यांना चेंडू देणं बंद केलं. टाकून दिल्यासारखं वाटलं तेव्हा अँटिरिअर सिंग्युलेट जागं झालं, आणि जितकं जास्त लागलं तितकं जास्त. पुढे २०१४ मध्ये बारकाईनं पाहिल्यावर झिडकारण्याचा आणि चटक्याचा नमुना त्या भागांतही वेगवेगळा ओळखू येतो असं आढळलं. म्हणजे दोन्ही दुःखं तंतोतंत एक नाहीत. ती एकाच वाड्यात राहतात आणि एकमेकांना जागवतात, इतकं म्हणता येतं. मॅडम मालकांकडे पाहून म्हणाल्या, “यांना खरंच दुखतं. दोन ठिकाणचं दुखतं. म्हणून दोन्हीकडे उपचार.” जगभरच्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेनं १९७९ मध्ये केलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही वेदना म्हणजे संवेदनेचा आणि भावनेचा अप्रिय अनुभव, असंच म्हटलेलं आहे.

मानसोपचार विभागात उदासी किती आहे ते पाहायचा नऊ प्रश्नांचा कागद असतो. गुण २७ पैकी, जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे १५ आले. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा आहे. तिथे मी थांबले आणि मग खरं उत्तर दिलं, की काही रात्री तसं वाटलं होतं. कोणी रागावलं नाही. डॉक्टरांनी शांतपणे पुढचं विचारलं, मालकांना बोलावलं आणि फवारणीची औषधं घरात न ठेवता कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, असं करायला सांगितलं. त्याच संध्याकाळी आमच्या घरातले डबे मोठ्या दिरांच्या कोठ्यात कुलपात गेले आणि अजून तिथेच आहेत. आमच्या भागात हे प्रत्येक घरानं करावं असं मला मनापासून वाटतं. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर त्यांनी केस पेपरवर लिहून दिला. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. मी मे महिन्यात एकदा रात्री लावला होता. पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकून घेतलं.

औषधांचं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. आधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, रात्री. झोप लागली, पण तोंड कोरडं पडायचं, सकाळी अकरापर्यंत डोळे जड. पुढच्या भेटीत ते सांगितल्यावर ती हळूहळू बंद करून ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅम दिली, सकाळी जेवणानंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, मग गेली. दुकानदार म्हणाला, “ही तर डिप्रेशनची गोळी आहे, कंबरेला कशी?” त्याचं उत्तर मला तोवर माहीत होतं. सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं मेंदूतून खाली येणाऱ्या त्याच दाबणाऱ्या रस्त्यावर लागतात आणि ही गोळी ती वाढवते. जुन्या कंबरदुखीसाठी अमेरिकेत २०१० मध्ये तिला मान्यता मिळाली. फरक पडायला महिना लागला. मधेच एकदम बंद करायची नाही, कमी करायची तीही डॉक्टरांना विचारून. रुग्णालयाच्या खिडकीवर कधी मिळते, कधी संपलेली असते. जनऔषधी केंद्रात महिन्याचा खर्च दोनशेच्या आत बसतो.

फिजिओच्या ताईंनी पहिल्या दिवशी पट्टा काढून ठेवायला लावला. मग जमिनीवरचा रुमाल वाकून उचलायला सांगितला. माझे हात थरथरत होते. उचलला. पाय गेला नाही. त्या म्हणाल्या, भीतीनं स्नायू आवळले जातात आणि आवळलेले स्नायू दुखतात, म्हणून वाकणं हेच औषध. चालण्याचा नियम दिला: घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत, रोज तेवढंच. बरं वाटलं म्हणून जास्त नाही आणि दुखलं म्हणून सुट्टी नाही. दोन-दोन आठवड्यांनी थोडं वाढवायचं. या नियमातला पहिला भाग पाळणं फार अवघड गेलं. बऱ्या दिवशी राहिलेलं सगळं काम उरकायची ओढ असते आणि मग पुढचे दोन दिवस खाटेवर जातात.

समुपदेशक मॅडमनी एक वही करायला सांगितली. आशा असल्यामुळे रजिस्टर ओढायची सवय होतीच. तारीख, दुखणं किती, झोप किती, त्या दिवशी काय घडलं, असे रकाने. पावसाळ्याच्या शेवटी आम्ही दोघींनी ती वही वाचली. निंदणाच्या दिवशी दुखणं चार. मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांना आली आणि आम्हाला आली नाही, त्या दिवशी आठ, तेव्हा मी दिवसभर खुर्चीत बसले होते. लसीकरण सत्राच्या दिवशी, लेकरं आणि त्यांच्या आयांच्या गोंधळात, दोन-तीन, जरी त्या दिवशी उभं राहणं सगळ्यात जास्त. कष्टानं दुखणं वाढतं असं मी धरून चालले होते. वहीत ते तसं नव्हतं. समुपदेशक मॅडमनी दादाशी समेट कर असं सांगितलं नाही, सही कर किंवा करू नको असंही नाही. त्यांनी विचारलं, बाबा गेल्यावर तुम्ही रडल्या कधी? तेरवीनंतर लगेच कागदांचं सुरू झालं होतं. रडायला जागाच मिळाली नव्हती. पुढचे काही महिने आम्ही जमिनीवर कमी आणि बाबांवर जास्त बोललो. त्यांची पानाची चंची, सालदाराला आधी वाढायची सवय, मला शाळेत सोडायला आणलेली सायकल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी तलाठी कार्यालयात माझं नाव वारस म्हणून लावायचा अर्ज दिला. मृत्यूचा दाखला, वारसांचं स्वयंघोषणापत्र, सातबारा, आधार, एवढे कागद लागले. फेरफाराची नोटीस निघाली, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. त्या पंधरवड्यात कंबर पुन्हा सातावर गेली. फरक एवढाच की या वेळी ती का वाढली हे मला माहीत होतं. नवा एमआरआय काढायला धावले नाही. मारुतीपर्यंत चालणं चालू ठेवलं, गोळी चालू ठेवली, आठवड्याभरात ती चारावर आली. दादानं हरकत घेतली नाही. बोलतही नाही अजून, आणि ते दुखतं.

सध्याची स्थिती अशी. दुखणं बहुतेक दिवस दोन ते चारच्या मध्ये असतं, पूर्ण गेलेलं नाही. नऊ प्रश्नांचे गुण १५ वरून ६ वर आले आहेत. गेल्या हंगामात मी वेचणीला अर्धा दिवस जात होते. गोळी कमी करायचं डॉक्टर पुढच्या उन्हाळ्यात ठरवतील.

सीबॅक भरताना आता कोणी बाई कंबर, गुडघे, अंग दुखतं असं सांगते तेव्हा मी शेवटचे दोन प्रश्न तिथेच, पेन खाली ठेवून विचारते, आणि सासू किंवा नवरा जवळ असेल तर नंतर एकटीला गाठून पुन्हा विचारते. गेल्या महिन्यात गावातलीच एक वहिनी अशी बोलती झाली. तिच्या खांद्याचं दुखणं तीन वर्षांचं, आणि तीन वर्षांपूर्वी तिचं सातव्या महिन्यातलं बाळ गेलं होतं. मी तिला वेदना विभागात घेऊन गेले. तिची पुढची तारीख येत्या मंगळवारची आहे. मीही माझी तारीख त्याच दिवशी मागून घेतली, म्हणजे एसटीत सोबत होईल आणि खिडकीवर एकीनं रांगेत उभं राहिलं की दुसरीला बसता येईल.